कुणाच्या कामावर

मिरची तुंबली की चक्कीचा आवाज बदलत असे. एरवी कानात भरून राहणारी घरघर एकदम जड व्हायची, कुणी घसा दाबल्यासारखी, आणि मग बाहेर खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला गिरधर मुकादम आत ओरडायचा, "ए, तुंबनी शे! हात घाला कोनीतरी!"

हात घालायचा म्हणजे लोखंडी पन्हळीत. पन्हळीत मळसूत्रासारखं एक पातं गरगर फिरत असे आणि सुकी मिरची ढकलत ढकलत चक्कीच्या तोंडात नेत असे. पन्हळीवर पूर्वी जाळी होती. जाळीमुळे माल सारखा अडकतो म्हणून दिवाळीनंतर ती काढली आणि भिंतीला उभी करून ठेवली. बायका आता तिच्यावर डब्याच्या पिशव्या अडकवत.

विसरवाडीच्या फाट्यापासून थोडं आत ही मसाल्याची कंपनी. पत्र्याची लांब शेड. भुकटी बाहेर उडू नये आणि माल बाहेर जाऊ नये म्हणून शटर खाली ओढून बाहेरून कुलूप घातलेलं असायचं. आत बायका नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट साडीवर चढवून, नाकातोंडाला फडकं बांधून काम करत. तरी दुपारपर्यंत सगळ्यांचे डोळे सुजायचे. कुणी खोकायला लागलं की एकीचा खोकला दुसरीला लागायचा आणि चक्कीच्या आवाजात तो ऐकूही यायचा नाही, नुसती पाठ हलताना दिसायची.

त्या दिवशी चक्की तुंबली तेव्हा जवळ योगिता होती. नुकतीच बारावी झालेली, हाताला चपळ, लग्न ठरू घातलेलं. तिची वहिनी सुषमा पलीकडे पोती शिवत होती. गिरधरची हाक आली, योगिताने बाही वर सारली आणि हात घातला. मिरची सुटली. पातं एकदम मोकळं फिरलं.

योगिता ओरडली असेल, पण सुषमाला ओरडणं आठवत नाही. तिला आठवतं ते नणंदेचं अंग, जे वाकून पन्हळीला चिकटलं होतं, आणि जसोदाबाईचा आवाज, "बंद कर! बटण, बटण!" सुषमाने धावत जाऊन लाल बटणावर हात मारला. पातं थांबायलाही वेळ लागला. जसोदाबाईने आणि तिने मिळून हात बाहेर ओढला. आसपासच्या लाल मिरचीत रक्त वेगळं दिसतच नव्हतं. सुषमाने तोंडावरचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं, आणि फडक्यात मुरलेलं तिखट जखमेला लागलं तशी योगिता खाली कोसळली.

बायका शटरवर धावल्या. कुणी हाताने, कुणी पायाने, जसोदाबाई तर वजनाच्या काट्यावरचं माप घेऊन पत्रा बडवायला लागली. बाहेरून गिरधर ओरडत होता, "चाबी वॉचमनकडे शे! तो जेवाले गया!" सुषमाचा नवरा दानियल कंपनीचा पिकअप चालवायचा. तो बाहेर माल उतरवत होता. आतून सुषमाचा आवाज आला, "दानियल, योगीचा हात!" तसा तो शटरखाली बोटं घालून ते उपसायला लागला. पत्रा थोडा वाकला, उघडला नाही. शेवटी मॅनेजर हेमकांतभाई ऑफिसमधली दुसरी चावी घेऊन पळत आले, तोवर योगिताचे ओठ पांढरे पडले होते.

पिकअपच्या मागच्या हौद्यात मिरचीच्या रिकाम्या पोत्यांवर सुषमा बसली आणि योगिताचं डोकं तिने मांडीवर घेतलं. पुढे दानियलच्या शेजारी हेमकांतभाई. काचेतून तिला त्यांची मान दिसत होती, सारखी दानियलकडे वळत होती. ते काय बोलत होते ते वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.

नंदुरबारला दवाखान्यात स्ट्रेचर आत जाताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

दानियल भिंतीकडे बघून म्हणाला, "घरी. चारा कापताना कडबाकुट्टीत हात गेला."

सुषमाने त्याच्याकडे पाहिलं. त्याची बोटं शटरच्या पत्र्याने फाटली होती आणि त्यातून रक्त येत होतं.

*

उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. योगिता घरी आली ती गप्प होऊन आली. सकाळी चूल पेटवून झाली की सुषमा तिला ओट्यावर पुढ्यात बसवून वेणी घाली. गुंता ओढला गेला तरी ती हूं की चूं करत नसे. पूर्वी हीच पोरगी फणी लागली की अख्खा पाडा डोक्यावर घ्यायची. हात ओढणीखाली असे, घरात, अंगणात, रविवारी प्रार्थनेलासुद्धा. लग्न ठरू घातलेल्या घरून एकदा माणसं बघून गेली, चहा प्याली, आणि मग त्यांच्याकडून निरोप आला नाही.

एकदा सासू हिराबाई नागलीची भाकर थापत होती. योगिता उठली, परातीतला गोळा घेतला आणि डाव्या हाताने थापायला लागली. भाकर एका बाजूला जाड झाली, मग फाटली. तिने ती गोळा करून पुन्हा थापली. पुन्हा फाटली. हिराबाईने तीच फाटकी भाकर तव्यावर टाकली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

"तू तसं का सांगितलं दवाखान्यात?" सुषमाने नवऱ्याला विचारलं होतं. पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

"साहेब म्हणाले, कारखाना म्हटलं तर आधी पोलीस येतील, मग डॉक्टर हात लावतील. तिचं रक्त चाललं होतं, सुषमा. मी काय करायचं होतं?"

"तेव्हाचं समजले मी. नंतर का नाही बोलला?"

यावर तो पिकअप धुवायला जायचा. कंपनीने दवाखान्याचं भागवलं होतं, आणि त्याचं ड्रायव्हरकीचं कामही चालू ठेवलं होतं. सुषमाही त्याच पिकअपमध्ये बसून रोज कामाला जात होती. डोंगराच्या अंगाला त्यांची पावसावरची भातशेती, तिच्यावर वर्ष निघत नसे. मिरचीचा मोसम सुटला तर ऊस तोडायला गुजरातेत जायचं, नाहीतर घरी बसायचं.

होळीच्या आधी, पाड्यावर ढोल चढायला लागले होते त्या सुमारास, गिरधर देठ खुडणाऱ्या बायकांत येऊन उभा राहिला. "सुषमा, साहेब बलाई ऱ्हायनात तुले."

हेमकांतभाई तापीकाठच्या गुजर घरातले. घरी केळीचा बाग होता, तरी इथे नोकरी करत होते. तिखटाने त्यांचेही डोळे कायम पाणावलेले असत. त्यांनी सुषमाला खुर्चीत बसवलं. खुर्चीत बसायची तिची पहिलीच वेळ.

"परदेशातलं मोठं गिऱ्हाईक आहे आपलं," ते म्हणाले. "त्यांच्या देशात आता कायदा झाला आहे. माल घेणाऱ्याने बघायचं, की हा माल करताना माणसांचे हाल तर होत नाहीत. नाही बघितलं तर त्यांनाच दंड. म्हणून पुण्याहून एक मॅडम तपासायला येणार आहेत. बायकांशी बोलणार. अर्ध्या बायकांना तुमच्या पाड्यावरच्या कोकणी बोलीशिवाय येत नाही. तू शिकलेली आहेस. तू दुभाषी म्हणून बसायचं."

"मी काय सांगायचं?"

"बायका सांगतील तेच. बायकांना काय सांगायचं ते गिरधरने सांगितलं आहे."

सुषमाने विचारलं, "आणि योगिता?"

"योगिताचं काय? ती गिरधरच्या टोळीची. कंपनीच्या कामावर नाही. शिवाय अपघात घरी झाला. तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं दवाखान्यात, मी नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, मला बरं वाटतं असं नाही. पण गिऱ्हाईक गेलं तर शेडला टाळं लागेल. तुमच्या तीन गावच्या बायका कुठे जातील? हे पार पडू दे. योगिताला गेटवर बसवतो. बसून करायचं काम."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा दानियल म्हणाला, "ते म्हणतात तसं बोल. उगाच पेटवू नको."

योगिता आतल्या दाराशी उभी होती. "गेटवर बसून काय करू?" ती म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवू?"

*

मॅडम आल्या त्या सकाळी शेड धुऊन काढली होती. शटर छतापर्यंत वर. पन्हळीवर जाळी घट्ट बसवलेली, आणि डब्याच्या पिशव्या अडकवायला भिंतीत खुंट्या ठोकलेल्या. बायकांना नवे मास्क, नवे हातमोजे दिले होते. मोज्यांना रबराचा उग्र वास येत होता आणि देठ बोटांत धरता येत नव्हते. मंगलाबाई हसून म्हणाली, "आज तर लग्नाच्या वऱ्हाडासारख्या दिसतो आपण."

मॅडम वयाने सुषमाएवढ्याच असतील. शेडमध्ये शिरल्या आणि लगेच खोकायला लागल्या. खोकत खोकतच सगळं फिरून पाहिलं. जाळीपाशी वाकून नव्या बोल्टांवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला बायकांशी बाहेर बसून बोलायचं आहे. पुरुष कुणी नको."

निंबाखाली ताडपत्री अंथरली. हेमकांतभाई ऑफिसात गेले. गिरधर पाण्याच्या टाकीमागे गेला, पण तिथून त्याच्या विडीचा धूर येत राहिला. मुकादमकीत त्याची इतकी वर्षं या गावांत गेली होती, की त्याला कोकणी शब्दन् शब्द कळत असे. हे सगळ्या बायकांना माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं.

मॅडम मराठीत विचारत, सुषमा कोकणीत सांगे, उत्तर आलं की ते मराठीत करी. पाणी मिळतं का? मिळतं. लघवीला जाता येतं का? येतं. कुणी शिवी देतं, अंगाला हात लावतं? नाही. बायका मान खाली घालून, शाळेत कविता म्हणावी तशी उत्तरं देत होत्या. सुषमाला सोपं जात होतं. तिचा आवाजही सपाट होत गेला.

"काम चालू असताना शटर उघडं असतं का?"

सुषमाने कोकणीत विचारलं. मंगलाबाई म्हणाली, "उघडं असतं." बाकीच्यांनी माना हलवल्या.

जसोदाबाई कडेला बसली होती. सगळ्यांत वयस्क, उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही मोसम इथेच काढणारी. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि कोकणीत, टाकीकडे तोंड करून, अगदी सावकाश बोलायला लागली.

"योगीचा हात गेला तेव्हा शटर बंद होतं. आम्ही आत होतो. मी मापाने पत्रा बडवला. माझ्या खांद्यात अजून कळ येते. पोरगी आमच्या मांडीवर पांढरी पडली आणि बाहेर चावी शोधत होते. सुषमा, तू होतीस. तुला सांगायचं तर सांग, नाही तर नको सांगू. मी सांगून मोकळी झाले."

टाकीमागे विडीचा धूर थांबला.

मॅडमनी पेन उचललं. "काय म्हणतात त्या?"

सगळ्या बायका सुषमाकडे बघत होत्या. ती म्हणाली, "त्या म्हणतात, खांदा दुखतो त्यांचा. वय झालं."

"एवढं लांब बोलल्या त्या."

"हो. त्यांना सवय आहे लांब बोलायची."

जसोदाबाईला मराठी बोलता येत नसे, कळत असे. तिने सुषमाकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, आणि हातमोजे पुन्हा चढवायला लागली. तिच्या जाड, चिरा पडलेल्या बोटांना ते जाईनात. एकेक बोट खेचून ती आत घालत राहिली.

मॅडमनी आणखी काही विचारलं. सुषमाने काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिला कळलं नाही. मग मॅडमनी पिशवी आवरली, ताडपत्रीवरून उठायला एक गुडघा टेकला आणि सहज म्हणाल्या, "आणखी काही सांगायचं आहे कुणाला?"

सुषमाने ते कोकणीत केलंच नाही.

"मघाशी मी खोटं सांगितलं," ती म्हणाली.

मॅडम तशाच, एका गुडघ्यावर थांबल्या.

"काकी खांद्याचं नव्हत्या सांगत. म्हणजे खांद्याचंही होतं, पण ते शेवटी." तिने शेडकडे बोट केलं. "शटर रोज बंद असतं. बाहेरून कुलूप असतं. जाळी काल बसवली. माझ्या नणंदेचा हात त्या पन्हळीत गेला. चार बोटं गेली. आम्ही आत कोंडलेल्या होतो."

टाकीमागून गिरधर पुढे आला. "ए, मॅडमले काय सांगी ऱ्हायनी तू? तुन्हा नवरानं काय सांगं दवाखानामा, ते सांग ना!"

"तुम्ही इथे का आहात?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. मग सुषमाला म्हणाल्या, "नणंद कुठे आहे तुमची?"

"घरीच असते ती आता."

"मला नेता?"

*

मॅडमच्या गाडीमागे हेमकांतभाईंची गाडी आली, आणि तिच्यामागे दानियल पिकअप घेऊन. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात तीन गाड्या उभ्या राहिल्या तशी पाड्यावरची माणसं कुंपणापाशी जमली.

हेमकांतभाई उन्हात घाम पुसत म्हणाले, "मॅडम, वाईट झालं त्या मुलीचं, मी नाही म्हणत नाही. पण ती आमची कामगार नाही. मुकादमाची बाई. आणि अपघात घरचा आहे. दवाखान्यात तसंच सांगितलेलं आहे."

"मुकादमाची असली तरी माल कुणाचा, मशीन कुणाची?" मॅडम म्हणाल्या. "मला पाठवणाऱ्यांचा कायदा राहू द्या. आपल्या इथला कायदाही आधी मालकालाच विचारतो." मग त्या हिराबाईकडे वळल्या. "आजी, कडबाकुट्टीत हात गेला म्हणतात. मशीन कुठे आहे ती?"

हिराबाईने विचार केला. गोठ्याकडे गेली. दोन शेळ्या होत्या तिथे. छपरात खोचलेला विळा तिने काढला आणि आणून मॅडमच्या हातात दिला.

"कापायचं म्हणाल तर हा आहे आमच्याकडे," ती म्हणाली.

कुंपणापाशी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडम विळा हातात धरून उभ्या होत्या. "मग दवाखान्यात कडबाकुट्टी कुणी सांगितली?"

हेमकांतभाई पुन्हा घाम पुसायला लागले. सुषमाने दानियलकडे पाहिलं. ते तिने सांगायचं नव्हतं.

दानियल पिकअपच्या दाराला टेकून उभा होता. तो पुढे आला.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "दवाखान्याच्या वाटेवर आम्ही निंबोणीच्या वळणावर होतो. साहेब म्हणाले, असं सांग. मी सांगितलं. माझी बहीण आहे ती."

त्याने खिशातून पिकअपची चावी काढली, हेमकांतभाईंपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, तेव्हा त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि घरात निघून गेला. योगिता दारात होती. तिने त्याला वाट दिली, पण बाहेर आली नाही.

*

दुसऱ्या दिवशी कंपनीचं काम बंद झालं. गिऱ्हाइकाने माल थांबवला म्हणे. ऐन मोसमात बायका घरी बसल्या. हातपंपावर सुषमा गेली की बोलणं थांबायचं. तिचा हंडा भरून झाला की कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणायचं, "ज्याचं दुखतं त्याने सगळ्यांची चूल विझवली." रविवारी प्रार्थनेला त्यांच्या चटईवर त्यांचीच चार माणसं. मंगलाबाई तर दारात येऊन भांडून गेली. "माझा धनी अंथरुणावर आहे. तुझी मॅडम येणार आहे का त्याला औषध पाजायला?" सुषमाने मंगलाबाईला बस म्हटलं. ती बसली नाही.

दानियल विसरवाडीला ट्रक भरायला जायला लागला. संध्याकाळी पाठ सोलून यायचा. हिराबाई तेल लावायची आणि तो पालथा पडून राहायचा. पण आता तो योगिताशी बोलत असे, आणि तीही त्याला एखाददुसरं उत्तर देई.

मॅडमचा फोन आला. "गिऱ्हाईक सोडून जाणार नाही. सोडून गेलं तर जबाबदारी संपत नाही, उलट तुम्ही उघड्यावर पडता, हे मी त्यांना लिहिलं आहे. सुधारणा करायला लावणार आहेत. पण योगिताचं कंपनी अजून मान्य करत नाही. त्यासाठी तुम्हालाच नंदुरबारला कामगार कोर्टात अर्ज करावा लागेल. कराल?"

सुषमाने फोन कानाला लावूनच योगिताकडे पाहिलं. "करू," योगिता म्हणाली.

काही आठवड्यांनी शेड पुन्हा उघडली. जाळी जागेवर राहिली. भुकटी ओढून घेणारा मोठा पंखा बसला, आणि मागच्या भिंतीत दुसरं दार फोडलं, आतून उघडणारं. जसोदाबाईने कामावर जाताना सुषमाच्या अंगणातून वाट काढली. "पंखा गारेगार आहे," ती म्हणाली. "तुला घेणार नाहीत, असं गिरधर म्हणतो."

"माहीत आहे, काकी."

"मंगलाही येते. लाजते, म्हणून इकडून येत नाही." आणि ती गेली.

*

सुनावणीच्या दिवशी उन्हाने डांबर मऊ झालं होतं. बसमधून उतरून चौघं एका रिक्षात बसली. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची उचलली गेली होती, तरी हवेत तिखट होतंच. हिराबाई शिंकत होती.

कोर्टाची खोली लहान. वर पंखा फिरत होता. टेबलामागे न्यायाधीश साहेब, बाजूला कंपनीचे वकील, आणि त्यांच्यामागे भिंतीला लागून हेमकांतभाई. ते बारीक झाले होते.

वकील चांगलं बोलत होते. मुलगी मुकादमाची. अपघात घरचा, खुद्द भावाने डॉक्टरांना सांगितलेला. आता तोच भाऊ, काम सोडून गेलेला ड्रायव्हर, उलटं सांगतो. मुलीच्या बाजूने बोलणाऱ्या बायका एकाच पाड्याच्या, एकमेकींच्या नात्यातल्या. सुषमा एकेक वाक्य ऐकत होती. बोलणं कुठेच खोटं वाटत नव्हतं, सगळं जोडून मात्र खोटं होत होतं.

न्यायाधीश साहेबांनी योगिताकडे पाहिलं. "तुम्हाला काय सांगायचं आहे?"

सुषमा उठली. "साहेब, ती जास्त बोलत नाही. मी सांगते..."

"वहिनी, तू बस," योगिता म्हणाली.

ती टेबलाजवळ गेली. ओढणी बाजूला केली आणि हात टेबलावर ठेवला, उताणा. अंगठा आणि गुलाबी, ताणलेली कातडी. साहेबांनी पाहिलं. वकिलांनी हातातल्या कागदात डोकं घातलं. पण योगिता त्या दोघांकडे बघतच नव्हती.

"हेमकांतभाई," ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारू?"

"साहेब, हे असं थेट..." वकील म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना हाताने थांबवलं.

"दवाखान्यात डॉक्टरांनी दादाला विचारलं होतं, बोटं आणली का. दादाला सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नाही. मी गुंगीत होते, पण ऐकलं." तिचा आवाज हलत नव्हता. "आमच्यात अंगाचं काही असं टाकत नाहीत. आई रोज विचारते देवाला, कुठे असतील म्हणून. मला वाटतं, चक्कीत गेली. मिरचीबरोबर. कुणीतरी खाल्ली. मला जेवण जात नाही, हेमकांतभाई. मला दुसरं काही नको. माझी बोटं कुठे गेली, तेवढं सांगा."

हिराबाईने पदर तोंडाला लावला.

"नाही," हेमकांतभाई म्हणाले.

वकील वळले. "तुम्ही बोलू नका."

"नाही, चक्कीत नाही गेली." ते उभे राहिले होते, आपण उभे राहिलो हे त्यांना कळलं नव्हतं बहुतेक. "पन्हळीतच होती. मी दवाखान्यातून परत गेलो आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मी स्वतः काढली. ती मिरची जाळून टाकली सगळी, एक दाणा जाऊ दिला नाही. आणि बोटं..." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. "शेडच्या मागे, कुंपणाच्या आत, बाभूळ आहे. तिथे पुरली. माझ्या रुमालात. दगड ठेवला आहे वर. मला दुसरं काय करावं सुचलं नाही, पोरी."

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. न्यायाधीश बाजूच्या टंकलेखकाला म्हणाले, "हे घ्या. शब्दशः घ्या." यंत्राची टकटक सुरू झाली. दानियल दोन्ही हातांत तोंड घालून बसला होता आणि सुषमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

योगिताने टेबलावरचा हात उचलला. तो तिने पुन्हा ओढणीखाली नेला नाही.

"कुठली बाभूळ?" तिने विचारलं. "तिथे दोन आहेत."

"टाकीकडची."

"तुम्ही चला," ती म्हणाली, "आणि दाखवा."